रिकामी फरशी

आमच्या मामाने गोदाम वाढवायचं ठरवलं तेव्हा एकच अट घातली, आणि ती अशा सुरात घातली की जणू हवामानही त्याच्याच हाताखाली नोकरीला आहे. काम चालू असताना गोदाम एक दिवसही बंद राहणार नाही. मागची भिंत पडणार, छपराला नवं छप्पर जोडलं जाणार, पुढचा उतार खोदून नवा होणार, पण ट्रक येत राहणार आणि माल जात राहणार. अंगातला सदरा न काढता नवा शिवून घ्यावा, तशातला हा प्रकार. शिंप्याने सुई जरा जपून चालवावी, एवढीच मामाची अपेक्षा होती.

ही घोषणा जेवणाच्या टेबलावर झाली. त्यावर दादा म्हणजे माझा मामेभाऊ पहिल्यांदा बोलला. दादाने व्यवस्थापनाची मोठी पदवी घेतली आहे आणि लोकांना त्यांचे धंदे कसे चालवावेत हे सांगणं हा त्याचा व्यवसाय आहे. स्वतः कुठलाही धंदा न चालवता त्याने आपला निःपक्षपातीपणा जपला आहे. त्याने लॅपटॉप भाताच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि रंगीत बाण दाखवले. सगळ्या बाणांचा अर्थ एकच होता: गोदाम सरळ बंद ठेवावं, बांधून घ्यावं आणि नंतर त्याच्या ओळखीच्या एका कंपनीकडे चालवायला द्यावं.

मामाची मुलगी, म्हणजे आमची ताई, त्याच टेबलावर बसून मुकाट्याने जेवत होती. गोदामातली प्रत्येक वस्तू कुठे आहे, कुणासाठी आहे आणि कधी निघणार हे गेली कित्येक वर्षं तीच बघते. दादाकडे पदवी होती, मामाकडे मालकी होती, आणि ताईकडे काम होतं. त्यामुळे तिच्याशी चर्चा करायची गरज कुणाला वाटली नव्हती.

मामाने दोघांकडे बघितलं आणि निकाल दिला. ताईने गोदाम बंद न पाडता वाढवून दाखवलं, तर पुढे ते तिने चालवायचं, सगळं, तिच्या मर्जीने. एक दिवस जरी बंद पडलं, तर दादाची कंपनी. ताईने पोळीचा तुकडा मोडता मोडता "चालेल" म्हटलं. मामी म्हणाली, भाजी गार होतेय.

मी त्या वेळी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नोकरी शोधत होते. मामाने मलाही कामाला लावलं. "वस्तू कशा हलतात तेच शिकवतात ना तुम्हाला?" तो म्हणाला. "मग ये गोदामात. तिथे दुसरं काही होतच नाही."

गोदामात दरवाजे होते. खिडक्या, शटर, कड्या, कुलपं, बिजागऱ्या हेही होतं, पण मुख्य माल दरवाजे. लाकडी, काचेचे, आगीपासून बचाव करणारे जाडजूड लोखंडी. लहानपणी मला ही जागा फार गूढ वाटायची. इतके दरवाजे, आणि एकातूनही कुठे जाता येत नाही.

या गोदामाची एक रीत होती आणि मामाला तिचा आपल्या मुलांपेक्षा काकणभर जास्तच अभिमान होता. संध्याकाळी गोदाम बंद होताना फरशी रिकामी हवी. संपूर्ण रिकामी. त्या वेळी मामा गळ्यात शिट्टी अडकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई. वाटेत काही दिसलं की शिट्टी. शिट्टी वाजली की त्या वस्तूला चिकटपट्टी लागे, वस्तू मांडणीवर चढे आणि कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद होई. वस्तू कुणाची, कशासाठी आली, असले प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. एकदा मांडणीवर चढलेली वस्तू माल ठरे, आणि मालाचा नियम वेगळा: त्या जातीचं जे आधी आलं ते आधी बाहेर जाणार. या दोन नियमांवर गोदाम इतकी वर्षं घड्याळासारखं चाललं होतं. बाहेरचे लोक बघायला यायचे. मामा त्यांना चपला काढायला लावून फरशी दाखवायचा.

आता याच गोदामात बांधकाम सुरू झालं.

बांधकामाचा कंत्राटदार स्वभावाने अतिशय आशावादी होता. कुठल्याही कामाबद्दल विचारलं की तो म्हणे, झालंच समजा. खांब कधी उभे राहणार? झालंच समजा. पत्रे कधी येणार? झालंच समजा. आठवडाभरात सगळे त्याला 'झालंच' म्हणू लागले, आणि तोही ओ देऊ लागला.

माझ्याकडे धूळ हे खातं होतं. जुनं गोदाम आणि नवं बांधकाम यांच्यामध्ये छपरापासून फरशीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा टांगला होता. मी ठिकठिकाणी काचेच्या पट्ट्यांना ग्रीस फासून ठेवायचे आणि भिंगाखाली त्यावरचे कण मोजायचे. पडद्याची शिवण कुठे उसवली आहे हे यावरून नेमकं कळायचं. मी एकदा मामाला कणांचा आलेख दाखवला. तो म्हणाला, छान आहे, पण हा कागद फरशीवर ठेवू नकोस.

ताईने जे केलं ते मात्र खरोखर बघण्यासारखं होतं. मागच्या भिंतीलगतची मांडणी तिने एकदम नाही हलवली. एकेक गल्ली रिकामी करायची, तेवढाच भिंतीचा भाग वरून खाली उतरवायचा, आणि तोवर तो माल पुढच्या गल्ल्यांत दाटीवाटीने बसवायचा. ट्रक सकाळी आणि दुपारनंतर यायचे. मधल्या जेवणाच्या सुट्टीत हातोडे चालायचे. ड्रायव्हर जेवत असायचे आणि त्यांच्या ताटल्या थरथरायच्या. पण ट्रक भरायला कधी उशीर झाला नाही. दादा अधूनमधून येऊन डोक्यावर हेल्मेट घालायचा, स्वतःचा फोटो काढायचा, आणि या सगळ्याला 'टप्प्याटप्प्याचं स्थित्यंतर' म्हणतात असं ताईला सांगून जायचा. नाव कळल्यामुळे तिचं काम किती हलकं झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

अडचण निराळीच होती. पायासाठी मागचा रस्ता खोदला होता, त्यामुळे झालंचचं सामानही आमच्याच पुढच्या दारातून येऊ लागलं. ते येऊन फरशीवर उतरे. झालंचची माणसं संध्याकाळी घरी जात, आणि मग मामा शिट्टी घेऊन निघे.

पहिल्या दिवशी फावडी गेली. मग वाळू चाळायची चाळणी, मग सिमेंटची पोती, मग खांबांना लावायचे नटबोल्ट. सकाळी झालंच येऊन बघे तर फरशी लखलखीत. आमच्या माणसांनी त्याचं सामान इतक्या प्रेमाने मांडणीवर रचलेलं असे की त्याला रागावताही येईना. एकदा त्याच्या मुकादमाचा जेवणाचा डबाही चिकटपट्टी लावून वरच्या कप्प्यात गेला. "माझंच फावडं मी रोज सकाळी माल देण्याच्या खिडकीवर उभा राहून मागून घेतोय, ताई," झालंच एकदा म्हणाला. "वर तुमचा माणूस विचारतो, कशाला हवंय."

ताई मामाकडे गेली. एक कोपरा द्या, ती म्हणाली, चार रेघा मारून घेऊ, बांधकामाचं सामान तिथे फरशीवर राहील, त्याला कुणी हात लावायचा नाही. मामाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने बैठकीच्या खोलीत उकिरडा मागितला. आज कोपरा दिला की उद्या भिंतीलगत ठेवतील, परवा वाटेत ठेवतील, मग हे गोदाम राहणार नाही, अडगळ होईल. ताईने पुन्हा समजावलं. मामाने पुन्हा नाही म्हटलं. नियम तिचे नव्हते, फक्त काम तिचं होतं. ती परत आली आणि रोज सकाळी झालंचचं सामान शोधून द्यायला तिने एक माणूस लावला.

नव्या बाजूचं छप्पर झालं, फरशी झाली, नव्या दाराचा चौकोन झाला. हे दार प्रचंड होतं. दोन ट्रक एकमेकांशेजारी पाठमोरे लागतील एवढं. त्यासाठी खास मापाचं शटर बनवायला दिलं होतं. ज्या दिवशी ते शटर आलं, त्या दिवशी ताई अग्निशमनाच्या परवानगीसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि फरशीवर मामा स्वतः लक्ष ठेवून होता. मी पडद्यापलीकडे कण मोजत होते. संध्याकाळी शिट्टी ऐकू आली, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं तर मामा म्हणाला, आलंय, नीट ठेवलंय, काळजी करू नकोस. मामाने काळजी करू नकोस म्हटलं की काळजी करायची, हे ताईला माहीत होतं. पण त्या आठवड्यात तिच्यापुढे इतक्या काळज्या रांगेत होत्या की हिचा नंबर लागला नाही.

मग शेवटचा टप्पा आला. पुढचा जुना उतार तोडायचा होता, म्हणजे जुन्या दाराने ट्रक येणं बंद. त्याच सकाळी नव्या दाराने ट्रक येणं सुरू. मधे एका तासाचीही फट नाही. ताईने हे असं जुळवलं होतं की पहिला ट्रक नव्या दाराला लागला तेव्हाच जुन्या उतारावर पहिला घण पडला. नव्या दारात तोवर तात्पुरते पत्रे ठोकले होते, ते पहाटेच काढले होते. प्लास्टिकचा पडदाही उतरवला. मी पहिल्यांदाच त्या टोकापासून या टोकापर्यंत अख्खं गोदाम बघितलं आणि कण मोजायचं विसरले. दादा नवं हेल्मेट घालून आला.

दुपारी झालंच ताईकडे आला आणि हसत म्हणाला, द्या आता शटर, संध्याकाळपर्यंत बसवतो.

शटर कुठल्याच कप्प्यात नव्हतं.

ताईने कॉम्प्युटरसमोर बसून शोधलं. ते आलं होतं, संध्याकाळी मांडणीवर चढलं होतं, आणि दोनच दिवसांनी गिऱ्हाइकाला गेलं होतं. एका गॅरेजवाल्याला. त्या मापाचं ते एकटंच होतं, म्हणून आधी आलेलंही तेच. आमच्या गोदामाने, आपल्या सगळ्या सवयींना जागून, स्वतःचंच दार स्वतः विकून टाकलं होतं. मी आयुष्यात काही चोख यंत्रं पाहिली आहेत, पण इतकं चोख यंत्र नाही.

ताईने मला आणि झालंचला गॅरेजवर पिटाळलं. अजून बसवलं नसेल तर घेऊन या, ती म्हणाली, बदल्यात त्याला हवं ते द्या.

गॅरेजवाला तोंडभर हसत बाहेर आला. शटर बसवलेलं होतं. त्याच्या दोन मोटारींच्या गॅरेजला आता किल्ल्याचं प्रवेशद्वार होतं. "सुरुवातीला मावेना हो," तो म्हणाला. "मग भिंत फोडली. शेजारची खोलीही घेतली त्यात. बायको म्हणाली, एवढं काय? पण तुमच्या मोठ्या साहेबांनी स्वतः उभं राहून चढवून दिलं होतं. म्हणाले, याहून मोठं कुणाकडे मिळणार नाही."

झालंच माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने शटर वरखाली करून बघितलं आणि काम चांगलं झालंय म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा गोदाम बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. नव्या दाराच्या भगदाडातून बाहेरचा रस्ता, समोरची दुकानं आणि एखाद्या गाईइतक्याच निवांतपणे उभा राहून कुतूहलाने आत बघणारा दादा दिसत होता. मी ताईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मोठ्या साहेबांसकट. तिने डोळे मिटले, उघडले, आणि "बरं" म्हणाली.

दादाने परिस्थितीचा आढावा घेतला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. दार उघडं टाकून माल रात्रभर ठेवता येणार नाही. म्हणजे तात्पुरते पत्रे पुन्हा ठोकावे लागतील, आणि त्यांना लागणारी परांची झालंच सकाळीच परत पाठवून बसला होता. ती आणून पत्रे ठोकण्यात उद्याचा दिवस जाणार, तोवर नवं दार अडलेलं. जुना उतार तर तुटला. म्हणजे उद्या ट्रक कुठल्याच दाराला लागणार नाही. "उद्या बंद," तो म्हणाला. आवाजात सहानुभूती होती. ती त्याने कुठेतरी शिकली असावी. मग त्याने फोन काढला. त्या कंपनीचा नंबर त्याला पाठ होता.

ताई भगदाडासमोर उभी होती. मग ती वळली आणि मांडण्यांकडे बघू लागली. लोखंडी दरवाजे, थप्पीने, छपरापर्यंत. तिने फोर्कलिफ्टवाल्या काकांना हाक मारली.

"काका, लोखंडी सगळे खाली घ्या. दारात रचा. आडवे, एकावर एक, दोन रांगा."

"कुठे रचू?"

"फरशीवर."

काकांनी गाडी बंद केली. इतक्या वर्षांत या गोदामात हा शब्द कुणी असा वापरला नव्हता. त्यांनी ताईकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, शिट्टी कुठून येईल त्या दिशेकडे बघितलं. "तुझे बाबा येतील गं आता," ते म्हणाले.

"येऊ देत. तुम्ही रचा."

काका रचू लागले. एकेक थप्पी इतकी जड की यंत्राशिवाय हलणार नाही. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात वजनाचा अंदाज करत होते आणि तो समाधानकारक निघत होता. फोर्कलिफ्टची किल्ली खिशात असली की ही भिंत शटरपेक्षा मजबूत. सकाळी पहिला ट्रक यायच्या आत काढायची, संध्याकाळी पुन्हा रचायची. नवं शटर बनून येईपर्यंत असंच. दरवाज्यांच्या गोदामाला दरवाजा नव्हता, तर दरवाज्यांनीच ते बंद होत होतं. दादाने फोन कानाला लावलेलाच होता, पण पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून थकला असावा.

शेवटची थप्पी बसली आणि मामा आला.

तो नेहमीसारखा जुन्या टोकापासून चालत आला. फरशी रिकामी, रिकामी, रिकामी. मग नव्या भागात शिरला आणि थांबला. समोर, फरशीवर, गोदामातला जवळजवळ सगळा लोखंडी माल होता. इतका माल फरशीवर त्याने स्वप्नातही पाहिला नसेल, आणि पाहिला असेल तर घाबरून उठला असेल. त्याचा हात शिट्टीकडे गेला.

कुणी हललं नाही. काकांचा हात मात्र सवयीने गाडीच्या किल्लीकडे गेला होता. ताईने फक्त तिकडे पाहिलं, आणि तो हात परत आला.

"शटर कुठंय?" मामाने विचारलं.

"गेलं. गॅरेजवाल्याकडे."

"कुणी पाठवलं?"

झालंच छपराकडे बघू लागला. छप्पर त्याने स्वतःच घातलं होतं, तरी ते तो पहिल्यांदाच बघत असल्यासारखं दिसत होतं. मी माझ्या काचेच्या पट्ट्या मोजल्या. ताईने एक नाव घेतलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं, दादासमोर, माणसांसमोर. मामाचा नियम, मामाची शिट्टी, मामाचं गोदाम.

"ज्याने पाठवलं त्याने बरोबरच पाठवलं, बाबा," ती म्हणाली. "फरशीवर होतं म्हणून वर चढवलं. गिऱ्हाइकाने मोठं मागितलं म्हणून मोठं दिलं. आपल्या नियमात बसवून दिलं. म्हणून आज हे फरशीवर राहणार. उद्याही. मी सांगेपर्यंत."

मामाच्या चेहऱ्यावरून एखादं जड सामान हळूहळू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकताना दिसत होतं. मग ते बसलं. त्याने शिट्टी ओठांना लावली. त्याने ती वाजवली नाही. ओठांवरून काढली, सदऱ्याला पुसली, दोरी डोक्यावरून काढली आणि ताईपुढे धरली.

"उद्या ट्रक किती वाजता?" त्याने विचारलं.

"नेहमीच्या वेळेला."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्या दरवाज्यांच्या भिंतीला हात लावून एकदा ढकलून बघितलं. ती हलली नाही. घरी जायला त्याला लांबच्या छोट्या दारातून जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक नेहमीच्या वेळेला आले. दादाने आपल्या अहवालात या प्रसंगाचं 'उपलब्ध साठ्याचा बहुउद्देशीय वापर' असं वर्णन केलं आहे आणि हा सल्ला आपला होता असं कुठेही म्हटलेलं नाही. फक्त तसं वाटेल अशी वाक्यरचना केली आहे. ताईने तो न वाचता मांडणीवर ठेवला. जे आधी आलं ते आधी बाहेर जाईल.

तिने मालकीण म्हणून केलेलं पहिलं काम म्हणजे रंगाचा एक डबा मागवणं. नव्या भागात, खिडकीजवळ, फरशीवर तिने स्वतः गुडघ्यांवर बसून पिवळ्या रेघांचा एक चौकोन आखला. या चौकोनातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, गिऱ्हाइकाला द्यायची नाही. झालंचने डोळ्यांत पाणी आणून तिथे आपली फावडी ठेवली.

मामा आता संध्याकाळी शिट्टीशिवाय येतो. बराच वेळ उभा राहतो, इकडेतिकडे बघतो, एखादा खिळा दिसला की उचलतो आणि कुणाकडे द्यावा हे न कळून खिशात टाकतो. चार दिवस हे पाहून ताईने घरातली त्याची आरामखुर्ची मागवली आणि पिवळ्या चौकोनात, फावड्यांच्या शेजारी ठेवली. मामाने विचारलं, खुर्ची इथे कशाला?

"फरशीवर उभं राहिलात तर ही माणसं तुम्हालाही वर चढवतील," ती म्हणाली.

मामा बसला. संध्याकाळी ताई शिट्टी घेऊन निघाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशी रिकामी होती. ती चौकोनापाशी आल्यावर मामाने पाय जमिनीवरून उचलून रेघेच्या आत नीट घेतले, आणि ती शिट्टी न वाजवता पुढे गेली.